घोंगडीच्या तुकड्यावर सुयांची वही : तिसरा आठवडा

मागच्या वेळी धुऊन वाळत घातलेला तो घोंगडीचा तुकडा, तोच आता सुया टोचून ठेवायची वही व्हायला लागलाय. उघडी धरली तर २० बाय १२ सेंटीमीटर, मधे दुमडायची, आत क्रीम रंगाच्या लोकरी फेल्टची दोन पानं. आजोळच्या घोंगडीचा कोपरा आहे हा, बाकीची फाटून गेली, एवढाच आईने जपून ठेवला होता. घोंगडीच्या सुताला मागावर चढवायच्या आधी चिंचोक्याची खळ देतात म्हणून नवी घोंगडी कडक लागते, पण ही इतकी वापरलेली की खळ केव्हाच निघून गेलीय, उरलीय ती नुसती दख्खनी मेंढीची राठ काळी लोकर आणि हात लावला की अजूनही तो वास येतो.

काळ्यावर डिझाईन काढायचं म्हणजे पहिली अडचण. खडू दोन मिनिटांत झटकून जातो, कार्बन दिसतच नाही. शेवटी पातळ बटर पेपरवर फुलं काढली, पेपर वर टाचला आणि पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातला, मग पेपर हळूच फाडून काढला. भरून झालं की पांढरा दोरा ओढून टाकायचा. वेळ जातो पण रेघ हलत नाही.

सुईबद्दल थोडं, कारण मी इथेच सुरुवातीला अडकले होते. लोकरीचा दोरा साध्या भरतकामाच्या सुईत जातो कसाबसा, पण प्रत्येक टाक्याला घासून घासून विरतो. मोठ्या नेढ्याची, टोकदार शेनील सुई घ्या, मी २० नंबरची वापरतेय (नंबर वाढला की सुई बारीक होते), आणि दोरा हातभरच कापा, जास्त लांब घेतला की शेवटी शेवटी केसाळ होऊन तुटतो.

या आठवड्यात शिकले ते दोन टाके, विणलेलं चाक (गोल फुलासाठी) आणि बुलियन (वेढ्यांची गुंडाळी). चाक सोपं आहे, मधून बाहेर जाणाऱ्या पाच काड्या, म्हणजे सरळ टाके, घालायच्या (विषम आकडाच हवा, नाहीतर खालीवर जमत नाही) आणि मधून सुरू करून एक काडी वरून एक खालून असं फिरत जायचं. फिरताना बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई घेतली, म्हणजे काड्यांची लोकर टोचली जात नाही. पहिलंच फूल छान फुगलं.

बुलियनने मात्र चार संध्याकाळी घेतल्या. सुई वर काढायची, एक सेंटीमीटर मागे घालून टोक परत पहिल्याच भोकातून बाहेर काढायचं, मग त्या टोकाभोवती दोऱ्याचे वेढे, वेढ्यांवर डावा अंगठा ठेवून सुई ओढून घ्यायची. सुती दोऱ्यात मला हे जमायचं, लोकरीत वेढे एकमेकांना चिकटून बसायचे आणि सुईचं नेढं त्यांच्यात अडकायचं. मी घट्ट गुंडाळत होते, कारण सुती दोऱ्याला हाताला तीच सवय. आत्या शेजारी बसून बघत होती, म्हणाली, "अगं, ओढतेस कशाला, लोकर आहे ती, तिला बसू दे." मग सैल गुंडाळले, आठाऐवजी सातच वेढे घेतले आणि दुसऱ्या बाजूने फिरवले, कारण आधीच्या दिशेने दोऱ्याचा पीळ उलगडत होता. सुई सरकन निघाली! अंगठा उचलला तर सात वेढे शेजारी शेजारी, एका जाडीचे, जोंधळ्याची कोवळी अळी असावी तसे. तेव्हापासून मी सगळेच टाके सैल घालतेय. घोंगडी जाड आहे, जरा ओढलं की टाका तिच्या केसात बुडतो आणि वरून दिसतच नाही.

मधे कसुतीची, म्हणजे कर्नाटकातल्या भरतकामाची, गवंती (डबल धावदोऱ्याचा टाका) करून बघायची हौस आली. ती धागे मोजून घालतात, इथे मोजायला धागा सापडतच नाही. म्हणून वर मॅटीचा (चौकटी मोजता येतील अशा विरळ विणीच्या कापडाचा) तुकडा टाचून त्याची घरं मोजत डबल धावदोरा घातला आणि नंतर मॅटी ओली करून एकेक धागा चिमट्याने ओढून काढला. आलंय बऱ्यापैकी, एका ठिकाणी वाकडं आहे, ते उसवणार. यावरून तोडा लोकांच्या भरतकामाबद्दल फार आदर वाटला. निलगिरीतल्या त्या बायका जाड पांढऱ्या सुती कापडावर लाल आणि काळ्या लोकरीने नुसते धागे मोजून भरतात, खाली डिझाईन काढलेलं नसतं. २०१३ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय.

आता एक नुकसान. चाकासाठी लाल लोकर सुटी आणली होती, ओलं फडकं टाकून इस्त्री केली तर खालच्या क्रीम पानावर गुलाबी डाग. ते पान गेलं, नवीन कापलं. तुम्ही आधीच बघून घ्या, दोरा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून ठेवा, रंग लागला तर तो दोरा या कामाला नको.

सध्या कडेचा काजटाका चालू आहे, दोन टाक्यांत अर्धा सेंटीमीटर, कोपऱ्यात एकाच भोकातून तीन टाके घेतले की कोपरा नीट वळतो. तीन बाजू झाल्या, चौथी झाली की करवंटीचं बटन लावायचंय. त्याच्या फाशाला लोकरीचे किती पदर घ्यावेत, दोन की तीन? कुणी केलं असेल तर सांगा, दोन पदरी मला जरा नाजूक वाटतोय.