ग्रँड केमनला उतरताच आलं नाही : क्रूझवर बंदर चुकतं तेव्हा

नाताळच्या सुट्टीत आम्ही टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ घेतली होती. ह्यूस्टनकरांना ही सोयीची पडते. विमानाचं तिकीट लागत नाही, गाडीने तासाभरात बंदर गाठता येतं. मुलांना शाळेची सुट्टी होती आणि सासूसासरे अलिबागहून आलेले होते. मार्ग होता जमैकातलं माँटेगो बे, मग ग्रँड केमन, मग मेक्सिकोतलं कोझुमेल आणि परत. त्यातलं ग्रँड केमन आम्हाला मिळालं नाही. जहाज बेटासमोर गेलं, थोडा वेळ थांबलं आणि वळलं. अशा वेळी काय होतं, कुठले पैसे परत मिळतात, कुठले बुडतात, हे त्या प्रवासात आणि नंतर घरी आल्यावर कळलं ते लिहिते आहे. आईवडील आले की आपल्यापैकी पुष्कळजण क्रूझचा बेत करतात, त्यांना उपयोग होईल.

आधी बेटाबद्दल. जॉर्ज टाउन ही कॅरिबियनमधल्या केमन बेटांची राजधानी ग्रँड केमनच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि तिथे मोठ्या क्रूझ जहाजांना लागायला धक्का नाही. जहाज किनाऱ्यापासून थोडं लांब उभं राहतं आणि तिथल्याच मोठ्या बोटी प्रवाशांची ने-आण करतात. या बोटींना टेंडर म्हणतात. धक्का बांधावा की नाही यावर बेटावर वर्षानुवर्षं वाद चालला आहे, कारण बांधकामाने किनाऱ्यालगतच्या प्रवाळांची हानी होईल अशी लोकांना धास्ती आहे. एप्रिल २०२५ मध्ये निवडणुकीबरोबरच सार्वमत घेतलं, त्यातही लोकांनी धक्क्याला नकार दिला. मला तो नकार पटतो. ज्या स्वच्छ पाण्यासाठी आपण तिथे जातो ते राखायचं असेल, तर एखाद्या दिवशी आपल्याला उतरायला मिळणार नाही एवढं सोसायला हवं.

एरवी तिथे वारा पूर्वेकडून वाहतो, म्हणून पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत असतो. हिवाळ्यात मात्र अमेरिकेतून थंडीची लाट खाली उतरली की वारा फिरतो आणि वायव्येकडून येतो. मग जॉर्ज टाउन थेट वाऱ्याच्या तोंडावर. आमच्या बाबतीत खूण आधीच मिळाली होती. जहाज जमैकाच्या वाटेवर असताना ह्यूस्टनच्या शेजारणीने बागेतले नळ गुंडाळून ठेवल्याचा फोटो पाठवला. आमच्याकडे पारा शून्याजवळ गेला की सगळे नळ गुंडाळतात. तीच थंडी मेक्सिकोचं आखात ओलांडून आमच्या मागोमाग येत होती.

त्या दिवशी बाबा, म्हणजे माझे सासरे, नेहमीप्रमाणे पहाटेच उठून डेकवर गेले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते कठड्याला रेलून खाली बघत होते. पाण्याच्या पातळीजवळचं दार उघडलं होतं, दारात लाइफ जॅकेट घातलेले दोन खलाशी उभे होते आणि एक टेंडर बाजूला लागायचा प्रयत्न करत होती. लाट आली की बोटीचा टप दाराच्या वर यायचा, ओसरली की बोट माणसाच्या उंचीएवढी खाली जायची. दोर एकदा सैल पडून पाण्यात लोंबायचा, लगेच ताठ होऊन त्यातून पाणी उडायचं. बोट आणि जहाज यांच्यामधले रबरी फेंडर दबून करकरत होते. बोट मागे गेली, वळसा घेऊन पुन्हा आली, पुन्हा मागे गेली. मग दार बंद झालं.

बाबा म्हणाले, "आज उतरवत नाहीत, बघ. अगं, आपल्या मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात ती याचसाठी. बोट समुद्रात तरते गं, पण माणूस चढता-उतरताना सापडतो."

नाश्त्याच्या वेळेला कप्तानाची घोषणा झाली. वारा ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे, बंदराच्या अधिकाऱ्यांशी बोलणं झालं, दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स या पर्यायी जागेचीही चौकशी केली, पण तिथे आधीच आलेली जहाजं आहेत, म्हणून आपण कोझुमेलकडे निघतो आहोत. दिलगिरी व्यक्त करून घोषणा संपली. जेवणघरात एकदम गलका झाला.

तेव्हा लोक म्हणत होते, एवढासा वारा, दोन खेपा तरी करून बघायच्या. सकाळी खालचा प्रकार पाहिला नसता तर कदाचित मीही तसंच म्हटलं असतं. पण सकाळी उतरवणं हा अर्धाच प्रश्न असतो. दोन-तीन हजार माणसं किनाऱ्यावर गेली आणि दुपारी वारा आणखी वाढला, तर त्यांना परत आणायचं कसं? त्यात म्हातारी माणसं, काठी घेऊन चालणारे, कडेवर मूल असलेल्या बाया. कप्तान संध्याकाळचा विचार करून सकाळी निर्णय घेतो. आमच्या सासूबाईंना बोट लागत नाही, पण गुडघे दुखतात. त्या हलत्या दारातून त्यांना उतरवताना मला बघवलं नसतं.

घोषणेनंतर गेस्ट सर्व्हिसेसची रांग जिन्यापर्यंत गेली. खरं तर त्या रांगेतल्या बहुतेकांचं तिथे काही काम नव्हतं. जहाजाकडून घेतलेल्या सहलींचे पैसे आपोआप परत होतात. आमच्याच टेबलावरच्या एका जोडप्याच्या खात्यात ते दुपारपर्यंत जमाही झाले. बंदराचे कर आणि शुल्क तिकिटात माणशी वेगळे दाखवलेले असतात. त्यातला न झालेल्या बंदराचा वाटाही न मागता जहाजावरच्या खात्यात येतो. आम्हाला तो शेवटच्या दोन दिवसांत दिसला, माणशी वीस डॉलरच्या आतच. खर्च वजा जाता खात्यात शिल्लक राहिली, तर ती नंतर कार्डावर जाते. याखेरीज क्रूझच्या भाड्यातलं काहीही परत मिळत नाही. हवामान, सुरक्षितता किंवा अन्य कारणाने कप्तान बंदर वगळू शकतो, क्रम बदलू शकतो आणि त्याबद्दल भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही, हे तिकिटाच्या करारातच लिहिलेलं असतं. जहाजाच्याच यंत्रात बिघाड झाला असेल तर कंपन्या बऱ्याचदा स्वतःहून काहीतरी देतात. वाऱ्यासाठी देत नाहीत. काउंटरवरच्या मुलीवर ओरडणाऱ्या माणसांना हे कोणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं. तिच्या हातात काहीच नव्हतं आणि ती सगळ्यांशी सारख्याच नम्रतेने बोलत होती.

रांगेतल्या एकाचं म्हणणं होतं, केमन नाही तर फ्लोरिडातल्या की वेस्टला न्या. ते तसं होत नाही. धक्क्यावरची जागा पुष्कळ आधी ठरलेली असते, आणि की वेस्ट आमच्या मार्गाच्या बाहेर होतं. एक कायदाही मध्ये येतो. परदेशात नोंदणी झालेलं जहाज अमेरिकेच्या बंदरातून निघून, वाटेत अमेरिकेचंच दुसरं बंदर घेऊन मूळ बंदरात परतणार असेल, तर निदान एका परदेशी बंदराला त्याला लागावं लागतं. हा नियम १८८६ सालच्या कायद्यातून आला आहे. आमचं जमैका होऊन गेलं होतं, त्यामुळे आम्हाला ती अडचण नव्हती. पण चार-पाच रात्रींच्या लहान क्रूझवर की वेस्टसारख्या अमेरिकी बंदराबरोबर परदेशी बंदर एकच असेल आणि तेच चुकलं, तर कंपनीला दुसरं परदेशी बंदर शोधण्याची धावपळ करावी लागते.

आमची सहल जहाजाची नव्हती. मुलाला स्टिंगरे, म्हणजे पाकट मासे, बघायचे होते. केमनच्या नॉर्थ साउंडमध्ये एक वाळूचा उथळ पट्टा आहे, तिथे कमरेएवढ्या पाण्यात स्टिंगरे माणसांभोवती फिरतात. पूर्वी कोळी त्या शांत पाण्यात येऊन मासे साफ करत आणि उरलेलं पाण्यात टाकत, तेव्हापासून त्यांना तिथे यायची सवय लागली. ही सहल मी एका स्थानिक बोटवाल्याकडे थोडी अनामत भरून ठरवली होती. निवडताना एकच अट पाहिली होती: जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत. घोषणा झाल्या झाल्या जहाजाच्या वायफायवरून त्याला लिहायला गेले, तर त्याचाच निरोप आधी येऊन पडला होता. उत्तरेचा वारा असला की नॉर्थ साउंडमध्येही बोटी नेता येत नाहीत, म्हणून त्याने त्या दिवसाच्या सगळ्या फेऱ्या स्वतःच रद्द केल्या होत्या. म्हणजे आमचं जहाज स्पॉट्सला लागलं असतं तरी स्टिंगरे दिसलेच नसते. अनामत आठवड्याभरात कार्डावर परत आली.

डॅलसच्या एका कुटुंबाचं मात्र असं झालं नाही. त्यांनी बेट फिरायला पूर्ण पैसे भरून गाडी ठरवली होती. गाडीवाला ठरल्या वेळी हजर होता, आलं नव्हतं ते जहाज. बँकेकडे तक्रार करूनही उपयोग नव्हता, कारण सेवा द्यायला तो तयारच होता. शेवटी त्याने वर्षभरात कधीही या, एवढंच कबूल केलं. मला दोघांचंही वाईट वाटलं. त्या गाडीवाल्याचाही दिवस बुडालाच की. पर्यटनावर चालणाऱ्या गावात जहाज आलं नाही, की टॅक्सीवाल्यापासून शहाळं विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा दिवस जातो.

जहाजावरही धांदल असते. आम्हाला वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. सासूबाईंशी तो मालवणीतच बोलायचा. त्याने सांगितलं, "काकू, बंदराच्या दिवशी दुपारी निम्मी माणसं जेवायला नसतात, त्या हिशेबाने माल बाहेर काढलेला असतो. आज सगळेच वर. सकाळपासून कोल्ड रूमच्या फेऱ्या चालू आहेत." जी मुलं बंदरावर उतरून निवांत घरी फोन करणार होती, त्यांची सुट्टी गेली. त्यांनाही किनारा हवा असतो, हे वर सनबेडवर पडलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. दुपारी नवा कार्यक्रम छापून आला, बंदरात बंद ठेवावी लागणारी दुकानं आणि कॅसिनो उघडले, मुलांसाठी जास्तीचे खेळ ठेवले. मुलगा तासभर रडला आणि मग पोहायच्या तलावाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तलावही हेलकावे खात होता. संध्याकाळी तो जाळी टाकून बंद केला.

आता विम्याचं. हे नीट वाचा, कारण इथे आपल्या लोकांची हमखास गल्लत होते. आईवडील अमेरिकेत आले की आपण त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेतो. तो बहुतेक वेळा आजारपणाचा असतो. बंदर चुकलं, सहल बुडाली, याच्याशी त्याचा संबंध नसतो. आम्ही क्रूझसाठी वेगळा प्रवास विमा सहाही जणांचा घेतला होता. त्यात हवामानामुळे बंदर वगळलं गेलं तर माणशी ठरावीक रक्कम, अशी तरतूद होती. सगळ्या पॉलिसीत ती नसते. काहींत फक्त आधी भरलेले आणि परत न मिळणारे पैसे देतात, काहींत काहीच नाही. विकत घेण्याआधी मार्ग बदलण्याबद्दलचं कलम शोधून वाचावं.

दाव्याला लागतं ते जहाजाकडून लेखी पत्र. तारीख, बंदराचं नाव आणि कारण, तिन्ही त्यात असावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी, रांग ओसरल्यावर, गेस्ट सर्व्हिसेसकडे गेले. पहिल्यांदा दिलेल्या छापील कागदावर नुसतं "मार्गात बदल" असं होतं. कारण लिहून हवं असं सांगितल्यावर त्यांनी हवामानाचा उल्लेख असलेलं पत्र काढून दिलं. घरी येऊन कॉल सेंटरमार्फत हेच मिळवायला फार वेळ जातो, म्हणून ते जहाजावरच घ्यावं. मूळ मार्गाचं पान, तिकिटाची पावती, पत्र, पासपोर्टच्या प्रती असं सगळं जोडून दावा भरला. विमा कंपनीने मध्ये एकदा सासूसासऱ्यांच्या नावांचा मेळ लागत नाही म्हणून कागद परत पाठवले. तिकिटावर आडनाव आणि नाव यांचा क्रम उलटा झाला होता, पासपोर्टची प्रत पुन्हा जोडल्यावर ते मिटलं. पैसे आले तोवर बाबा आणि आई अलिबागला परतले होते. त्यांच्या वाट्याची रक्कम मी त्यांच्या परतीच्या तिकिटाच्या खर्चात धरली.

आता मार्चच्या सुट्टीसाठी पुन्हा मार्ग बघते आहे. या वेळी आधी हे पाहते की कुठल्या बंदराला धक्का आहे आणि कुठे टेंडर. बेलीझ सिटीला टेंडर आहे, तिथे पाणी उथळ असल्याने जहाज बरंच लांब उभं राहतं. रोआतान, कोझुमेल आणि कोस्ता मायाला धक्का आहे, आई पुन्हा आल्या तर त्यांच्या गुडघ्यांना तो मार्ग सोसेल. कोस्ता मायाचा धक्का उघड्या समुद्रात आहे आणि वारा वाढला की तिथेही जहाजं लागत नाहीत, म्हणून तिथलं काहीही पूर्ण पैसे भरून ठरवणार नाही. स्टिंगरेवाल्या बोटवाल्याला मात्र लिहून ठेवलं आहे. त्याने कळवलंय की उत्तरेचे वारे साधारण मार्चनंतर कमी होतात, तेव्हा शाळा सुटल्यावर जूनमधली एखादी क्रूझ बघा.