लाकडाला लाकडाचा रंग

आजीच्या कपाटाला मोरपिशी रंग द्यायचा म्हटल्यावर पेंटरमामांनी ब्रश खाली ठेवला. "सागवान दिसतंय ओ ताई. सागवानाला रंग मारत नसतात. पॉलिश करू की!"

साखर पेठेतल्या घरातून जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये आलेलं हे एकमेव लाकडी सामान. मलाही ते सागवानच वाटायचं. पण एका कोपऱ्यावर पॉलिश पेपर फिरवला, तर तपकिरी भुकटी पडली आणि खालून हिरवा रंग डोकावला. म्हणजे इतकी वर्षं ज्याला आम्ही लाकूड समजत होतो, तो चॉकलेटी ऑइलपेंट होता. हिरव्याखाली निळा, आणि निळ्याखाली कुठलंसं जंगली लाकूड. मामा गप्प झाले. हिरवा रंग आजोबांनी मिलमधून डबाभर आणलेला, असं आत्या सांगते. (आणला म्हणजे कसा, ते विचारायचं नाही.) निळ्याबद्दल सांगणारं कुणी उरलेलं नाही. चॉकलेटी मात्र आत्ता मला आठवला. काकांच्या लग्नाआधी घाईघाईत दिलेला, सोयरे येणार म्हणून.

लाकूड लाकडासारखं दिसावं म्हणून त्याला लाकडाचा रंग फासायचा! सनमायकाही तेच करतो म्हणा.

बरं, रंगीत लाकूड आपल्याला नवीन नाही. चौरंग रंगीत, लग्नातले पाट रंगीत, पाळण्याच्या दांड्या लाल-पिवळ्या-हिरव्या. सावंतवाडीच्या लाखकामाच्या पाटांवर वेलबुट्टी असते. गुजरातेतल्या संखेड्याचे झोपाळे तर लाल-सोनेरी. पण नीट बघा, हे सगळं कुणासाठी? देवासाठी, नवरीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी. मधल्या सगळ्या माणसांच्या वाट्याला चॉकलेटी.

रंगाचं धाडस मला एका खुर्चीनं दिलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या गेरिट रिटवेल्डची लाल-निळी खुर्ची. हा सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारकाम केलेला. 1918च्या सुमारास त्यानं ती केली, तेव्हा तिच्यावर रंग नव्हता. लाल पाठ, निळी बैठक आणि काळा सांगाडा आला 1923च्या आसपास. मला वेड लावलं ते दांड्यांच्या कापलेल्या टोकांनी. सुतार एरवी कापलेली टोकं लपवतो, यानं ती पिवळीधमक रंगवली. आज ती खुर्ची न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. बसायला कशी आहे कोण जाणे, फोटोत तरी पाठीला निवांत वाटत नाही. पण बघायला? मी आमच्या कपाटाच्या फळ्यांच्या कडा पिवळ्या करायच्या ठरवल्या, आणि दारांची आतली बाजू पण.

घासायचं काम मात्र जपून केलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला; आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कोरडं न घासता पाणीपेपर वापरला, तोंडाला फडकं बांधलं, नातवाला बहिणीकडे पाठवलं. मग प्रायमर, मग मोरपिशीचे दोन हात. मोठे पल्ले मामांनी केले. कडा मी हौसेनं माझ्याकडे घेतल्या.

कपाट उभं राहिलं आणि खोलीतलं बाकी सगळं एकमेकांत भांडायला लागलं. कॅलेंडर उतरवलं. प्लॅस्टिकची फुलं गेली (मला हवंच होतं). फुलाफुलांचे पडदे काढून साधी पांढरी मांजरपाट लावली. एका खोलीत गाणारा एकच असावा, बाकीच्यांनी टाळ धरावेत. पण दिवाणावरची सोलापुरी चादर टाळ धरणारी नव्हे! लालभडक, निळी नक्षी, काठाला झालर. ती काढायची म्हणजे घरात महाभारत. "गावची चादर काढून काय टाकणार, बेडशीट?" ह्यांनी विचारलं. दोन दिवस दोघं एकमेकांवर ओरडत राहिले, म्हणजे चादर आणि कपाट. तिसऱ्या दिवशी झाडून घेताना मी चादर उलटी टाकली. जकार्ड मागावर विणलेली चादर, दोन्ही बाजूंना नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल. लाल जमिनीवर निळं होतं ते निळ्या जमिनीवर लाल झालं, आणि खोली शांत झाली. जन्मभर ही चादर पांघरून झोपले, तिला दुसरा चेहरा आहे हे वापरायचं कधी सुचलंच नव्हतं.

एक घोळ राहिलाच. मे महिना, रंग हाताला तासा-दोन तासांत सुकल्यासारखा लागला. मी लगेच शेंगा चटणीच्या बरण्या आत मांडून दारं लावून टाकली. ऑइलपेंट वरून सुकला तरी आतून कडक व्हायला दिवस लागतात, हे मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. रात्री जेवताना चटणी हवी, तर दार चौकटीला चिकटलेलं. स्क्रू-ड्रायव्हर घालून ओढलं तेव्हा टर्रकन आवाज झाला आणि कडेची वीतभर पट्टी सोलून निघाली, प्रायमरसकट. तिथं पाणीपेपर मी धड फिरवलाच नव्हता. चकचकीत जुन्या रंगावर नवा धरणार कसा? घाईतला चॉकलेटी त्या कडेपर्यंत पोचलाच नव्हता; खाली आजोबांच्या मिलचा हिरवा, जसाच्या तसा.

दुसऱ्या दिवशी मामा उरलेला डबा घेऊन आले. मी म्हटलं, राहू द्या. परवा शेजारच्या अक्कांनी त्या पट्टीवर बोट फिरवत विचारलं, "हे डिझाइन आहे का ओ?"

"हो," म्हटलं, आणि चटणीची बरणी पुढं केली.