स्नॉर्केलिंगची नोंद: सहा दिवस, एकच प्रवाळखडक

या वेळी बेटावर जाण्याआधीच ठरवलं होतं की रोज बोटीनं नवी जागा गाठायची नाही. किनाऱ्यावरून पोहत जाता येईल असा एकच प्रवाळाचा पट्टा धरायचा आणि सहाही दिवस तिथेच उतरायचं. गेल्या सहलीची वही उघडली तर माशांच्या नावांची लांबलचक यादी सापडते, पण त्यातला एकही मासा तेव्हा काय करत होता ते मला सांगता येत नाही.

पहिले दोन दिवस सवयीनं पाय मारतच राहिले. जोरात फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) मारल्या की श्वास वाढतो. उथळ, भरभर श्वास घेतला की स्नॉर्केलच्या, म्हणजे तोंडात धरायच्या नळीत उरलेली वापरलेली हवाच पुन्हा छातीत जाते आणि आणखी दम लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच घाईत मास्कमध्ये पाणी शिरलं, मी उभी राहायला गेले आणि फिनचं टोक एका गोल, भरीव प्रवाळाला घासलं. बोटभर लांबीचा पांढरा ओरखडा उमटला. असले प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ती सगळी दुपार मी वाळूच्या तळावर, कंबरभर पाण्यात घालवली आणि उभं न राहता मास्क रिकामा करण्याचा सराव केला. डोकं जरा वर, वरची कड कपाळाशी दाबलेली, नाकानं सावकाश हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भरती पूर्ण होता होता उतरले. त्या सुमारास प्रवाह जवळजवळ थांबतो आणि बाहेरचं नितळ पाणी आत आलेलं असतं. हात पोटाशी, पाय सैल. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. दहाएक मिनिटांत मासे माझ्यापासून दूर पळायचे थांबले. आधी कुरकुर ऐकू आली. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होते, आणि थोड्या वेळानं एकाच्या मागून बारीक वाळूचा पांढरा ढग सुटला. गिळलेला चुनखडक दळून तो असाच बाहेर पडतो.

खडकाच्या कपारीशी क्लीनर रासचं, म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन त्यांना साफ करणाऱ्या माशाचं ठाणं होतं. बोटाएवढा मासा, अंगावर काळा पट्टा, शेपटीकडे निळा. एक मोठा ग्रुपर आला आणि जबडा आणि कल्ल्यांची झाकणं उघडून स्तब्ध उभा राहिला. तो चिमुकला मासा सरळ त्याच्या तोंडात शिरला, दातांमधून फिरला आणि कल्ल्यातून बाहेर आला. मग ग्रुपरनं अंग किंचित थरथरवलं, रास बाजूला झाला, ग्रुपर निघून गेला. या एका जागेवर मी चाळीस मिनिटं तरंगत होते. (या राससारखाच दिसणारा आणि तसाच नाचणारा एक ब्लेनी मासा असतो, तो गिऱ्हाइकाच्या पराचा लचका तोडतो. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, रासचं अगदी पुढे. ओळखायची खूण हीच.)

सनस्क्रीन या वेळी फक्त चेहऱ्याला, तेही ऑक्सिबेन्झोन नसलेलं; बाकी अंगावर लांब बाह्यांचा रॅशगार्ड. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटदेशानं 2020 मध्ये प्रवाळांना घातक रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी आणली, तेव्हापासून मी डबीवरचा मजकूर वाचूनच घेते.

पाचव्या दिवशी समुद्री गवतावर हिरवं कासव चरताना दिसलं. दर घासाला मान झटकायचं. मास्कमधून वस्तू जवळ भासतात, तीन मीटर वाटलं तर खरं अंतर चार असतं, तरीही मी आणखी मागे सरकले आणि त्याच्या डोक्यावर न येता बाजूला राहिले. श्वासाला वर येणारी त्याची वाट अडता कामा नये. ते वर आलं, फुस्स करून श्वास सोडला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत त्याच गवतावर उतरलं. एवढ्या जवळून तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

शेवटच्या दिवसाचे आकडे: सलग सत्तर मिनिटं पाण्यात, सोबतीण वर लक्ष ठेवून असताना चार मीटरपर्यंत तीन बुड्या, दर मीटरला कान मोकळे केले, कुठेही दुखलं नाही. निघण्यापूर्वी त्या घासलेल्या प्रवाळापाशी गेले. ओरखड्यावर शेवाळाची हिरवट झाक आली होती, भोवतालचे पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, ठीक दिसत होते. तारखेसह फोटो काढून ठेवला आहे. पुढच्या खेपेला पहिली फेरी तिथेच.