बावीस फुटी ट्रेलर आणि आण्णांचं ‘येऊ दे’

बिग मेडोज या कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. त्यामुळे एप्रिलमधल्या एका सकाळी लॅपटॉपसमोर ठाण मांडून मी ऑक्टोबरच्या तीन रात्री मिळवल्या. व्हर्जिनियातलं शेनंडोआ नॅशनल पार्क, पानगळीचे रंग, आणि तेव्हा आई-आण्णाही आमच्याकडे न्यू जर्सीत असणार होते. आईच्या गुडघ्यांना तंबूत जमिनीवर झोपणं झेपणारं नव्हतं, म्हणून गाडीमागे जोडायचा, आत झोपायची सोय असलेला ट्रेलर भाड्याने घ्यायचा ठरला. बावीस फुटी ट्रेलर, आम्ही सहा जण. ट्रेलर सोडाच, आम्ही दोघांनी कधी तंबूसुद्धा ठोकला नव्हता.

उन्हाळाभर मी आकडेमोड करत होते. आमची गाडी 5,000 पौंड ओढू शकते आणि ट्रेलर रिकामाच 3,900 चा. एक गॅलन पाण्याचं वजन 8.3 पौंड, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच गेले. त्यात कपडे, भांडी, गॅसच्या टाक्या. पाणी वर पोहोचल्यावर भरायचं ठरलं, कुकर दोनाऐवजी एकच घेतला.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर चालायचं. आण्णा शेजारी बसून ऐकायचे, बोलायचे नाहीत. येऊन दोन महिने झाले होते. गावी सकाळी सहाला घराबाहेर पडणारा हा माणूस इथे आम्ही नेऊ तिथे जायचा. गाडीत मागच्या सीटवर बसायचे आणि कुठे चाललोय हेही विचारायचे नाहीत. त्यांचं हे न विचारणं मला फार लागायचं. एका रात्री मात्र त्यांनी मध्येच विचारलं, “सामान कुठं भरणार? मागं नको. गाडी उलाळ हुईल.”

मी कागदावरून वर पाहिलं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा, नाहीतर महामार्गावर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो, हे मी चार व्हिडिओ बघून शिकले होते. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की दांडी वर उचलते, त्याला आमच्याकडे उलाळ म्हणतात. लहानपणी हजारदा ऐकलेला शब्द. आण्णांनी वाळवा तालुक्यात आधी बैलगाडीने आणि मग 30 गळीत हंगाम ट्रॅक्टरने कारखान्याला ऊस घातलाय, हे मला माहीत नव्हतं का? तरी त्या दोन महिन्यांत एकदाही त्यांना काही विचारावंसं मला वाटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ट्रेलरच्या मालकाने अर्ध्या तासात सगळं दाखवून टाकलं. हुक, खाली फुलीसारख्या अडकवायच्या साखळ्या, ब्रेक-दिव्यांची वायर, मैल्याची टाकी, सांडपाण्याची टाकी. रिकामं करताना आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो. रिव्हर्सचं म्हणाला, “हळूहळू जमेल.”

आय-78, मग आय-81 या महामार्गांनी दिवसभर दक्षिणेला गेलो. पेन्सिल्व्हेनियातल्या पहिल्या थांब्यावर आण्णा खाली उतरले आणि ट्रेलरच्या चारही चाकांच्या मध्यभागी उलटा हात लावून बघून आले. “बेअरिंग गेलं की हितं चटका बसतो.” नवरा म्हणाला, चाकांना सेन्सर आहेत. आण्णांनी मान हलवली आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा उतरले.

न्यू मार्केटला आय-81 सोडून डोंगर ओलांडला, लुरे गावातून थॉर्नटन गॅपला, पार्कच्या प्रवेशद्वाराशी आलो. तिथून दक्षिणेला वळलं की लगेच मेरीज रॉकचा बोगदा. उंची 12 फूट 8 इंच. आमचा ट्रेलर एसीसकट साडेदहा फुटांचा, मी स्वतः टेप लावून मोजलेला, तरी आत शिरताना मान खाली गेलीच. पुढे स्कायलाइन ड्राइव्हवर, म्हणजे पार्कमधल्या रस्त्यावर, ताशी 35 मैलांची मर्यादा, त्यामुळे बिग मेडोजला पोहोचेपर्यंत सूर्य झाडांच्या मागे गेला होता.

आमची जागा रस्त्याच्या उजव्या हाताला होती. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे उजवीकडे मागे घेताना ट्रेलर वळला की त्याचं बूड दिसेनासंच होतं. बुकिंग करताना मी जागेची लांबी पाहिली, सावली पाहिली, संडास किती लांब तेही पाहिलं. उजवी की डावी हे पाहायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डाव्या हाताचीच जागा घ्यावी. आणि त्याआधी एक रविवार रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्सचा सराव करावा. आम्ही तो वेळ मसाल्याच्या डब्या भरण्यात घालवला.

नवरा मागे उभा राहून फोनच्या उजेडात ओरडत होता, “लेफ्ट! नाही, तुझं लेफ्ट!” तीन वेळा ट्रेलर दुमडून गाडीशी काटकोनात आला. चौथ्यांदा मागचा कोपरा ओकच्या झाडापासून वीतभर राहिला. रस्ता एकेरी, पाठीमागे दोन गाड्या दिवे लावून थांबलेल्या. शेजारचं एक वयस्कर जोडपं खुर्च्यांतून उठून उभं राहिलं. मुलं गप्प झाली होती. माझे हात थरथरायला लागले आणि मी इंजिन बंद केलं.

मागचं दार उघडून आण्णा उतरले. खिडकीशी आले.

“बाळ, स्टेरिंग वरनं धरू नको. हात खाली ठेव, तळाला. ट्रॉलीचं बूड जिकडं न्यायचं, तिकडं हात ने. दुसरा कसला विचार करू नको.”

मी हात खाली घेतला.

“आता म्होरं घे. समदं सरळ होऊस्तोवर म्होरं. आणि मी आरशात दिसतोय तवर यायचं. दिसलो न्हाई, की थांबायचं.”

ते मागे चालत गेले. उजव्या आरशात स्वेटर, मफलर आणि पांढरी टोपी. नवऱ्याला त्यांनी झाडापाशी उभं केलं. मग उजवा हात वर करून, बोटं स्वतःकडे हलवत, त्यांनी तो आवाज लावला. उसाच्या फडात, बांधावरून, कारखान्याच्या अड्ड्यात रात्री दोन वाजता लावायचे तो. मी सात-आठ वर्षांची असताना हंगामात त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जायचे, तेव्हापासूनचा ओळखीचा आवाज.

“येऊ दे... येऊ दे... हात उजवीकडं, वाईच... येऊ दे... आता सोड, सरळ... येऊ दे... येऊ दे... बास!”

ट्रेलर जागेवर होता. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. थांबलेल्या गाड्या हात करून पुढे गेल्या. शेजारचे आजोबा येऊन आण्णांचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले, ते आण्णांना कळलं नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले, बराच वेळ. आई शेजारी येऊन बसली आणि काही न बोलता पाठीवरून हात फिरवत राहिली.

रात्री धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी आण्णांना विचारलं, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना रिव्हर्स कसा घ्यायचात? “घ्यायचा न्हाई. एक सोडायची, एक घ्यायची, परत येऊन दुसरी न्यायची.” मग ते तासभर बोलत होते. कारखान्यावर नंबर लागायला दोन-दोन रात्री कशा जायच्या, चिखलात रुतलेली ट्रॉली दोन ट्रॅक्टरांनी कशी काढली. दहा वर्षांची माझी लेक त्यांच्या मांडीला टेकून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, “आजोबा, देन व्हॉट?”

दुसरा दिवस डार्क हॉलो धबधबा, हरणं आणि मुलांच्या ज्युनियर रेंजर वह्यांमध्ये गेला. त्या रात्री तीनला हीटर बंद पडला. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि कॅम्पग्राउंडमध्ये जागेवर वीज नाही. बॅटरी जुनी होती. परत आल्यावर मालकाने सहज सांगितलं की बदलायचं मनात होतंच. आत सत्तरीतली दोन माणसं आणि सहा वर्षांचं मूल झोपणार हे त्याला मी स्वतः सांगितलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. आईने गावाहून आणलेल्या दोन गोधड्यांखाली आम्ही सगळ्यांनी एकाच पलंगावर बसून उरलेली रात्र काढली.

परतीच्या वाटेवर पेन्सिल्व्हेनियातल्या थांब्यावर गाडी उभी केली. आण्णा दार उघडून डाव्या बाजूच्या चाकांकडे निघाले. मी उतरून उजवीकडची दोन चाकं बघितली, उलटा हात लावून.