टायटॅनियमचा कॉकिंग रॉड: लेथचं काम झालं, ट्यूनिंग बाकी

ऑटोकॉकर या पेंटबॉल मार्करचा, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकीचा, कॉकिंग रॉड ग्रेड 5 या टायटॅनियमच्या मिश्रधातूत तयार झाला. हा रॉड मागे सरकणाऱ्या बॅक ब्लॉकमधून जातो आणि व्हॉल्व्हवर आदळणाऱ्या हॅमरला मागे खेचतो. पुढचे आटे हॅमरमध्ये हातानेच पूर्ण बसतात आणि रॉड बॅक ब्लॉकमधून कुठेही न अडखळता सरकतो. जे हवं होतं ते हेच.

सुरुवात रॉडपासून का, तर मूळ रॉड स्टीलचा होता. ग्रेड 5 ची घनता 4.43 ग्रॅम प्रति घनसेंमी, स्टीलची 7.9 च्या आसपास, म्हणजे त्याच मापात वजन साधारण 44 टक्के कमी. पण 6061 अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.70 आहे. अ‍ॅल्युमिनियमचा फीडनेक (गोळ्या आत येण्याची नळी) किंवा ट्रिगर टायटॅनियममध्ये केला तर मार्कर उलट जड होतो. माझं ठाम मत आहे की टायटॅनियम स्टीलच्याच जागी लावावं. शिवाय या रॉडवर हवेचा दाब येत नाही. व्हॉल्व्ह किंवा हवेच्या बाटलीकडचे भाग मी घरच्या लेथवर करणार नाही आणि तुम्हीही करू नयेत. 3000 किंवा 4500 पीएसआयच्या बाटलीशी प्रयोग नकोत.

खरी झुंज उष्णतेशी होते. अ‍ॅल्युमिनियम कापताना उष्णता चिपबरोबर आणि जॉबमधून, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यातून, पटकन निघून जाते. ग्रेड 5 ची उष्णता वाहण्याची क्षमता 6061 च्या जेमतेम पंचविसाव्या हिश्श्याइतकी आहे, त्यामुळे सगळा ताप टूलच्या टोकाशी साठतो आणि धार बघता बघता जाते. म्हणून कटिंग स्पीड 40 मीटर प्रतिमिनिट ठेवला. 8 मिमीच्या सळईला तो साधारण 1600 आरपीएम पडतो. कूलंटची धार टोकावर अखंड हवी. टूलच्या टोकाला बसणारा इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियमसाठी मिळतो तसला, कोटिंग नसलेला, पॉलिश केलेला आणि धारदार कार्बाइडचा. फीड मात्र कधीच थांबवायचा नाही. टूल जागेवर नुसतं घासलं की पृष्ठभाग चकचकीत आणि कडक होतो, मग पुढचा कट त्यावरून घसरतो.

दुसरी अडचण लवचिकपणाची. टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त असतो, त्यामुळे बारीक रॉड टूलपासून दूर वाकतो. टेलस्टॉकचा सेंटर, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, लावूनही मधला भाग दोन टोकांपेक्षा जाड निघत होता. शेवटी हलके हलके कट घेणं सोडलं. दर थोड्या लांबीला सळई चकमधून पुढे काढायची आणि तेवढा टप्पा एकाच खोल कटमध्ये पूर्ण मापावर आणायचा. टूलच्या मागे जाड सळईचा आधार राहतो, म्हणून माप टिकतं. टप्प्यांच्या सांध्यावरच्या पुसट रेषा बारीक एमरीने गेल्या.

आटे डायने न पाडता लेथवरच सिंगल पॉइंट टूलने काढले. टायटॅनियम दुसऱ्या धातूला चिकटून ओरबाडतं, त्यामुळे रॉड हॅमरमध्ये फिरवताना अँटी-सीझ ग्रीस लावलंच पाहिजे.

चिप्स प्रत्येक वेळी गोळा करून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकतो. बारीक टायटॅनियम पेट घेतं आणि पेटल्यावर पाणी मारणं धोक्याचं असतं. लेथशेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवलेली आहे.

आता ट्यूनिंग. हा रॉड हॅमरसोबतच धावतो, म्हणून तो हलका झाला की हॅमरचा एकूण भार घटतो. स्प्रिंगची ऊर्जा तीच राहिली तरी संवेग कमी पडतो, व्हॉल्व्ह किंचित कमी वेळ उघडा राहतो आणि गोळीचा वेग उतरतो. आयव्हीजी, म्हणजे हॅमरच्या स्प्रिंगचा ताण बदलणारा स्क्रू, थोडा आत फिरवून तो भरून काढावा लागेल, पण क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक गोळी 300 फूट प्रतिसेकंदाच्या आत राहिलीच पाहिजे.

त्यानंतर पंप आर्म, म्हणजे बॅक ब्लॉकला मागेपुढे नेणारा दांडा. त्याच्या टोकाला आतून एम5 आटे हवेत, म्हणून उरलेल्या तुकड्यात टॅपिंग करून पाहिलं. नेहमीच्या 4.2 ऐवजी 4.3 मिमी ड्रिल वापरलं की आट्यांची खोली सुमारे 67 टक्के मिळते आणि टॅपवरचा जोर बराच कमी होतो. आरपार भोकात टॅप छान चालला. बंद भोक मात्र पंप आर्मच्या डिझाइनमधून काढूनच टाकतोय.