चौल कुठे आहे?

२८ डिसेंबर, रात्र. मुक्काम अलिबाग.

सकाळी मिनीडोरमध्ये सातवी सवारी म्हणून अर्ध्या मांडीवर टेकून चौलला गेलो. नवरा म्हणत होता गाडी करू, हौस माझी. नाक्यावर उतरून किराणावाल्याला विचारलं, "दादा, जुनं चौल कुठंय?" पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "ताई, तुम्ही उभ्या आहात तेच की."

मागे हंपीला गेलो होतो तेव्हा नकाशा, पाट्या, गाइड सगळं होतं. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या वाड्या, नारळ आणि त्याखाली पोफळी. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीला ठाऊक असलेलं हे बंदर. कान्हेरीच्या लेण्यात पाण्याचं टाकं दान देणाऱ्या सोनाराचा लेख आहे, तो सोनार इथलाच, चेमुलचा, म्हणजे चौलचा. दहाव्या शतकात अरबांनी 'सैमूर' म्हणून लिहिलं तेही हेच. एवढं मोठं गाव गेलं कुठे, हा माझा आजचा एकच प्रश्न होता. मला बापडीला निदान एखादी भिंत तरी हवी होती.

एका वाडीत शिंपणं चाललं होतं. आजींनी आत बोलावलं, पाट ओलांडायला हात दिला. म्हणाल्या, "आळी करताना खापरं निघतात हो. पायाला लागतात म्हणून बांधावर टाकतो." बांधावर खरंच ढीग होता. त्यातलं एक उचललं. बोटाएवढं, विटकरी, कडेला काळपट, आतल्या बाजूला चाकाच्या बारीक रेषा. सातवाहनांच्या काळातलं की आजींच्या सासूबाईंच्या फुटक्या माठाचं, मला काय कळणार! हातात मात्र बराच वेळ धरून होते. मग जिथलं तिथे ठेवलं.

रेवदंड्याला निदान दगड दिसतात. पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास इथे किल्ला बांधायला घेतला आणि तटाच्या आत अख्खं शहर उभं केलं. १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आलं. आता तटाच्या आत वाड्या आणि घरं, पडक्या चर्चच्या कमानीजवळ वाळत घातलेल्या सुपाऱ्या. सातखणी मनोऱ्याचे चारच मजले उरलेत. नाव मात्र कोणी कमी केलेलं नाही.

शाळेच्या आवारात अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. १४६९ च्या आसपास तो चौलच्या बंदरात उतरला, विकायला एक घोडा घेऊन. गोरा माणूस म्हणून लोक मागे मागे फिरायचे, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे जुन्नरच्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. समुद्रातून एवढ्या लांब आणलेलं जनावर! बांगड्याचं ताट समोर येईपर्यंत मी त्या घोड्याबद्दलच बोलत होते. नवऱ्याने सोलकढी मागवली, विषय बदलावा म्हणून.

दुपारी साळावचा पूल ओलांडून कोर्लई. गावात दोन बायका दारात मासळी निवडत बोलत होत्या. कानाला मराठी वाटावी आणि एक अक्षर कळू नये अशी ती भाषा! पोर्तुगीज आणि मराठीतून झालेली, त्यांची 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा. शहरं पडली, राज्य गेलं त्याला पावणेतीनशे वर्षं झाली, आणि भाव करायला शब्द अजून तेच. मी थांबून ऐकत राहिले, तर त्यातली एक हसून चोख मराठीत म्हणाली, "काय पाहिजे?" मी उगाच दीपगृहाचा रस्ता विचारला.

गडावर चढताना उजव्या चपलेचा अंगठा तुटला. चरफडत, एका पायाने वर. वर वारा असा की बोललेलं ऐकू येईना. खाली कुंडलिकेचं मुख. १५०८ मध्ये याच खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं होतं. आज दोन होड्या आणि एक बगळा. पलीकडे रेवदंडा, त्यामागे चौल, म्हणजे निव्वळ हिरव्या झावळ्या, क्षितिजापर्यंत.

"दिसलं का तुझं शहर?" नवऱ्याने कानाशी ओरडून विचारलं. मी बोटाने सगळंच दाखवलं.

उतरताना त्याने आपले सँडल मला दिले आणि स्वतः अनवाणी आला. आता टाचेला हळद लावून बसलाय. उद्या मुरुड-जंजिरा, पण त्याआधी चप्पल.