रेल्वेने फिरून पाहिलेला बर्फावरच्या हॉकीचा पहिला मोसम

टोरोंटोच्या कार्लटन स्ट्रीटवर १९३१ साली बांधलेली एक पिवळसर विटांची इमारत आहे. तळमजल्यावर मोठं किराणा दुकान. त्या दुकानाच्या फरशीवर, डब्यांच्या रांगांमध्ये, एक लाल ठिपका रंगवलेला आहे. मेपल लीफ गार्डन्सच्या बर्फाचा मध्यबिंदू तिथे होता. आता बर्फ वरच्या मजल्यावर, त्याच जुन्या घुमटाखाली आहे. १ जानेवारी २०२४ ला प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा पहिला सामना इथेच झाला आणि न्यूयॉर्कने टोरोंटोला ४-० असं हरवलं. माझी भटकंती या ठिपक्यापासून सुरू झाली.

आपल्याकडे हॉकी म्हणजे टर्फवरची. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरची, दुसरी कुठली कुणाच्या मनातही येत नाही. पहिल्या मोसमात संघ सहा आणि प्रत्येकाचे सामने २४. संघांना टोपणनावंही नव्हती, जर्सीवर फक्त शहराचं नाव तिरपं लिहिलेलं. सहापैकी टोरोंटो, ओटावा आणि मॉन्ट्रियल हे तीन संघ रेल्वेने जोडलेले, म्हणून मी हेच तीन धरले. अमेरिकेतल्या संघांच्या नावांवर विसंबून तिकीट काढू नये. ‘बोस्टन’ खेळायचं लोवेलला आणि ‘न्यूयॉर्क’चे बरेच सामने शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टला असायचे.

टोरोंटो ते ओटावा साधारण साडेचार तास, ओटावा ते मॉन्ट्रियल दोन तास. वेळापत्रकावर मात्र फार भरवसा ठेवू नका. रूळ बहुतांशी मालगाड्यांच्या कंपनीच्या मालकीचे आहेत, त्यामुळे समोरून लांबलचक मालगाडी आली की प्रवासी गाडीला थांबावं लागतं. हिवाळ्यात त्यात बर्फाची भर. संध्याकाळी सातचा सामना असेल तर सकाळची गाडी घ्यावी, शक्यतो आदल्या दिवशीचीच. आणि त्या मोसमात एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन उपयोग नव्हता. २०२४ मध्ये ३ ते १४ एप्रिल अमेरिकेतल्या यूटिकाला महिलांच्या बर्फावरच्या हॉकीची जागतिक स्पर्धा होती, म्हणून लीग बंद होती.

ओटावाचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून ट्रामसारख्या हलक्या रेल्वेने मध्यवस्तीत यायचं आणि बँक स्ट्रीटवरची बस धरून लॅन्सडाउनला उतरायचं. टीडी प्लेस हे रिंक चक्क फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षागृहाखाली आहे, त्यामुळे एका बाजूचं छत तिरकं खाली उतरतं. २ जानेवारीला ओटावाच्या पहिल्या घरच्या सामन्याला इथे ८,३१८ लोक आले होते. शेजारीच रिडो कालवा. तो गोठलेला असेल तर दुपार तिथे स्केटिंगमध्ये घालवावी.

आत गेल्यावर जागा कुठे घ्यायची? काचेला लागून बसायचा मोह होतो, पण तिथून आपल्या बाजूच्या कोपऱ्यातलं काही दिसत नाही आणि पलीकडच्या टोकाचा अंदाजही येत नाही. आठ-दहा रांगा वर, बर्फाचे तीन भाग पाडणाऱ्या दोन निळ्या रेघांच्या मधली जागा सगळ्यात चांगली. आत स्वेटर लागतोच. इथे चेंडूऐवजी चकती असते: तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, कडक रबराची आणि वजनाने १७० ग्रॅमच्या आत. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात.

नवख्याची नजर चकतीमागे धावते आणि निम्मा खेळ हातचा जातो. नजर राखीव खेळाडूंच्या बाकांवर ठेवावी. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची, इथे एक खेळाडू बर्फावर साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळते आणि बाकावर परतते. शिट्टी न वाजता, खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांपैकी दुसऱ्यात बाजू बदलतात आणि आपला बाक आपल्या गोलपासून लांब पडतो. दमलेल्या बचावपटूंना तिथवर पोचताच येत नाही. चकती आपल्याच टोकाला अडकली की त्याच पाच जणी दीड-दीड मिनिट अडकतात, आणि गोल खावा लागतो.

मध्यंतरात खायला बाहेर पळू नका. बर्फ सारखा करणारं यंत्र बघायला थांबा. पुढच्या बाजूचा पाता ओरखडे पडलेला थर तासतो, असं वाटेल; खरं तर पाता मागे असतो, आणि त्याच्याही मागून ओलं फडकं गरम पाण्याचा पातळ थर पसरत जातं. पाणी साधारण साठ अंशांचं असतं. गार पाणी ओरखड्यांवर नुसतंच गोठेल. गरम पाणी वरचा थर किंचित वितळवतं आणि खालच्या बर्फाशी एकजीव होतं. सत्राच्या शेवटी बर्फावर भुसा साचतो, चकती अडखळते आणि पास चुकायला लागतात.

या लीगचे नियम मला मनापासून आवडले. पूर्ण वेळेत जिंकलं तर तीन गुण, जादा वेळेत जिंकलं तर दोन, तिथे हरलं तरी एक. त्यामुळे बरोबरी असताना शेवटची पाच मिनिटं कुणी वेळ काढत बसत नाही. दुसरा नियम तर कबड्डीवाल्यांना लगेच कळेल: शिक्षा झालेली खेळाडू बाहेर बसलेली असताना तिच्या संघाने कमी माणसांत गोल केला, तर ती तिथल्या तिथे जिवंत होऊन परत येते.

मॉन्ट्रियलचे सामने दोन ठिकाणी वाटलेले होते, म्हणून तिकिटावरचं नाव नीट वाचावं. लहानशा वर्दां ऑडिटोरियमसाठी मेट्रोची हिरवी लाइन, लावालच्या प्लास बेलसाठी नारिंगी लाइनचं शेवटचं स्टेशन मोंमोरांसी. २० एप्रिलचा टोरोंटोविरुद्धचा सामना मात्र बेल सेंटरला हलवला आणि २१,१०५ जागा भरल्या. महिलांच्या हॉकीला तोवर एवढी गर्दी कुठेच झाली नव्हती. बेल सेंटर मुख्य स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, बरीच वाट जमिनीखालून.

बाद फेरीत चार संघ जातात आणि पहिल्या क्रमांकाचा संघ तिसऱ्या-चौथ्यातून आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो. साखळीच्या शेवटच्या दिवशी टोरोंटोने ओटावाला हरवलं, म्हणून सलग पाच सामने हरलेलं मिनेसोटा चौथ्या जागेवर टिकलं. पहिल्या आलेल्या टोरोंटोने बोस्टन सोडून त्याच मिनेसोटाला निवडलं आणि पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्यात मोसमात २० गोल करणारी नॅटली स्पूनर जखमी झाली आणि मालिका २-३ अशी गेली. निवड मला आजही बरोबरच वाटते. स्पूनर नसताना टोरोंटोचे गोलच आटले. मिनेसोटाने २९ मे रोजी लोवेलला बोस्टनला ३-० हरवून विजेतेपदाचा वॉल्टर कप नेला.

दुसऱ्या मोसमापासून टोरोंटोचं घर कोका-कोला कोलिसियम झालं. युनियन स्टेशनहून ५०९ नंबरची ट्राम थेट तिथे जाते.